आक्कांचा कार्डिओग्राम

आमच्या घरात काळजाचा पहिला कागद निघाला तो माझ्या आईचा. ती शेंगाची चटणी कुटत होती, तिथून तिला हाताला धरून उठवलं आणि काकांच्या तपासायच्या बाकावर आडवं केलं. मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधताना तिच्या हातांना लसणाचा वास येत होता. मशीनमधून कागदाची अरुंद पट्टी किर्र करत बाहेर आली आणि तिच्यावर काळी रेघ टणाटण उड्या मारत गेली. आईनं मान उचलून बघितलं. "एवढंच? मला वाटलं, काळीज म्हंजे काई तरी मोठं आसंल." मग ती उठून परत चटणीपाशी जाऊन बसली. मी मात्र ती पट्टी हातात घेऊन तिथंच राहिले. भाकरी थापताना, धुणं बडवताना, आमच्यावर खेकसताना हिच्या आत हे असं चालू असतं, आणि ते मी माझ्या हातांनी कागदावर उतरवलं, याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दुपारचं जेवायचीच विसरले. जेवण विसरणारी पोर आमच्या घरात दुसरी कोणी नव्हती. आपल्याला हेच करायचं, असं मी ठरवून टाकलं. ठरवायला काय लागतं? आमच्या घरात ठरवणारं माणूस वेगळंच होतं.

आमचं घर अहमदपुरात, मोंढ्याच्या म्हणजे धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, त्यांची मोंढ्यात आडत होती. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे डॉक्टरकाका, औरंगाबादेत शिकून आलेले. त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटला होता. सकाळ झाली की एका बाजूनं हमालांचा आरडाओरडा, दुसऱ्या बाजूनं पिठाच्या गिरणीचं पुक-पुक, आणि वारा तसा असला तर एसटी स्टँडवरून नांदेड, लातूर, उदगीरच्या गाड्यांचा पुकारा, असं सगळं एकदम घरात शिरायचं. आत चुलीवर येसराची आमटी उकळत असायची. तिचा वास थेट दवाखान्यापर्यंत जायचा आणि पेशंट लोक जीभ दाखवायच्या आधी विचारायचे, "डॉक्टरसाब, आज काय शिजून राहिलं?" या सगळ्या गलक्याच्या मधोमध, माजघराच्या उंबऱ्यापाशी, आक्का बसलेल्या असत.

आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. तरुणपणीच विधवा होऊन त्या माहेरी आल्या आणि आल्या दिवसापासून घर त्यांच्या ताब्यात गेलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पदर डोक्यावर, आणि गळ्यात शिवदाऱ्याला अडकवलेली चांदीची डबी. त्या डबीत इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते लहानपणीच गळ्यात बांधतात आणि मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. आमच्या घरात त्याला नुसतं 'देव' म्हणायची पद्धत होती. रोज आंघोळीनंतर डबी उघडायची, देव डाव्या तळहातावर घ्यायचा, उजव्या हातानं विभूती आणि बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत जप करायचा. आम्ही पोरं ते भराभर उरकायचो. आक्का करायला बसल्या की गिरणीसुद्धा हळू चालल्यागत वाटायची.

काकांनी ते मशीन आणलं तेव्हा आमच्या आसपासच्या गावांत कोणी तसलं बघितलंही नव्हतं. लाकडी पेटी, वर पितळी कड्या, आत तापणारी सुई आणि मेणाच्या कागदाचं रीळ. सुई जिथून जाई तिथलं मेण वितळे आणि काळी रेघ उमटे. तारा रंगीत होत्या, लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी आणि काळी पायांना. छातीवर लावायला रबरी फुगे होते, दाबून सोडले की कातडीला चिकटून बसणारे. एक तार जमिनीत सोडायची असे, नाहीतर विजेची गुणगुण कागदावर येई. आमची ती तार न्हाणीच्या मागच्या अळवाच्या वाफ्यात खुपसलेली होती आणि कार्डिओग्राम काढायच्या आधी तिथं तांब्याभर पाणी ओतायचं काम माझ्याकडं होतं. नंतर मी मोठमोठ्या दवाखान्यांतून, गुळगुळीत फरशीवर, चकचकीत मशीनवर कार्डिओग्राम काढले, पण सुरू करायच्या आधी अळवाला पाणी घातलं का, हे अजूनही मनात येऊन जातं.

पुरुष पेशंट झोपायचे, सदरा काढायचे, काम व्हायचं. अडलं ते बायकांपाशी. छाती उघडी करून पुरुषाच्या हातून फुगे लावून घ्यायला एकही बाई तयार होईना. एक बाई तर पट्टे बांधलेले असतानाच उठून चालायला लागली आणि तिच्यामागं मशीनही निघालं होतं, काकांनी झडप घालून धरलं म्हणून वाचलं. मग काकांच्या मनात आलं की मला, म्हणजे नंदाला, शिकवावं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आक्का कपिलधारच्या यात्रेला गेल्या होत्या, तेवढ्यात काकांनी मला शिकवून घेतलं. आई झाली, काकू झाली, शेजारची गिरणीवाली झाली, सगळ्यांचे कागद मी काढले. काका म्हणाले, "तुझा हात हलका आहे गं. नांदेडला मोठ्या दवाखान्यात हे रीतसर शिकवतात. जाशील?" मी जवळजवळ ओरडूनच हो म्हणाले.

आक्का यात्रेहून आल्या, पाय धुतले, आणि चहाच्या आधी त्यांच्या कानावर सगळं गेलं. गल्ली कशाला असते? त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना कधी चढवावा लागतच नसे. "परक्या बायांच्या छातीला हात लावायचं काम आपल्या घरची पोर करणार न्हाई. उदगीरच्या मंडळींना सांगा, उन्हाळ्यात बार उडवून टाकू." उदगीरची मंडळी म्हणजे कापड दुकानवाले. त्यांचा मुलगा मला बघून गेला होता आणि पोह्यांतले शेंगदाणे तेवढे वेचून खाऊन गेला होता. अण्णा खाली बघत बसले. काका काहीतरी बोलायला गेले, तर आक्का म्हणाल्या, "तू मशीन आण, काई बी आण. पोरगी आणू नको त्यात." संपलं. मशीनवर काकूचं जुनं लुगडं पांघरलं गेलं आणि मी भाकरी करायला बसले. रागानं माझ्या भाकऱ्या इतक्या जाड व्हायला लागल्या की अण्णांनी एकदा घाबरत घाबरत विचारलं, "नंदे, धपाटे हायेत का हे?"

उन्हाळा तोंडावर आला होता. एके दिवशी सकाळी आक्का पडवीत तुरी पाखडत बसल्या होत्या. सूप मधेच थांबलं. मी बघितलं तर त्यांनी ते मांडीवर ठेवलं होतं आणि पदरानं तोंड पुसत होत्या. घाम नुसता गळत होता. "पित्त हाय," त्या म्हणाल्या. "ओवा आण." ओवा दिला. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या खांद्याला हात लावला, मग जबड्याला. आईनं काकांना हाक मारली. काका आले, नाडी धरली, आणि त्यांचा चेहरा मी बघितला. डॉक्टर लोक चेहरा झाकायला शिकतात, पण बहिणीची नाडी हातात असली की ते शिकलेलं कामाला येत नाही.

"आक्का, कार्डिओग्राम काढावा लागतो. काळजाचं दुखणं असलं तर आत्ताच नांदेडला न्यावं लागंल. पित्त असलं तर उगीच तुला जीपमध्ये हादरवत न्यायला नको. कागद बघितल्याबिगर मला सांगता येत न्हाई."

"तू काढणार? धाकटा भाऊ माझा तू. कडेवर घेऊन फिरवला तुला. तुझ्यापुढं चोळी सोडू?" त्यांना बोलताना धाप लागत होती, पण बोलणं थांबत नव्हतं. मग त्यांनी छातीवर हात दाबून धरला. आणि कोणाकडंही न बघता म्हणाल्या, "नंदीला बोलवा."

मी शेजारीच उभी होते.

मशीन माजघरात आणलं. मधे काकूच्या त्याच लुगड्याचा पडदा बांधला. पडद्याच्या पलीकडं मशीन आणि काका, अलीकडं आक्का आणि मी. तारा पडद्याखालून आलेल्या. मी पळत जाऊन अळवावर पाणी ओतून आले. हात पुसले. पट्टे बांधले. चोळी सोडली आणि छातीवर बरोबर मधोमध ती चांदीची डबी. तिथंच फुगे लावायचे होते.

पलीकडून काका म्हणाले, "गळ्यातलं काढून घे."

आक्कांनी दोन्ही हातांनी डबी धरली. "न्हाई."

"आक्का, थोडा वेळ. धातू आहे, फुग्यांच्या मधे येतो."

"मेल्यावर बी संगं जातो देव, आन् तू थोडा वेळ म्हणतो?"

काका काकुळतीला आले होते. त्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "अगं, मी बी काढून ठेवतोच की दवाखान्यात असताना! खिळ्याला अडकवतो. काही होत न्हाई!"

आक्कांना एवढं दुखत असताना त्या कोपरावर उठू बघत होत्या. "खिळ्याला? देव खिळ्याला अडकवतो तू? औरंगाबादला हे शिकून आला का?" मी त्यांना खांद्याला धरून खाली झोपवलं. आमच्या घराण्यात अंगावरचा देव खिळ्याला टांगल्याची कबुली कार्डिओग्राम काढताना देणारे काका पहिले आणि शेवटचे. आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही, पण तेव्हा माझं सगळं लक्ष आक्कांच्या निळ्या पडत चाललेल्या ओठांकडं होतं.

मी म्हणाले, "आक्का, पूजा करा."

"आं?"

"रोज करता तशी. देव डबीतून काढा आणि हातावर घ्या. अंगावरच राहतो की. डबी आणि दोरा तेवढा मी बाजूला ठेवते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. जन्मभर ज्या पोरीला भाकरी नीट भाजत नाही म्हणून ऐकवलं, ती आपल्याला पूजेबद्दल सांगते आहे, आणि बरोबर सांगते आहे, हे त्यांना त्या दुखण्यातही कळलं होतं. त्यांनी स्वतः डबी उघडली. काळाभोर गुळगुळीत देव डाव्या तळहातावर घेतला, हात अंगाशी सैल ठेवला. मनगटावर माझा पट्टा, तळव्यावर देव. डबी आणि शिवदारा मी उशाशी ठेवला आणि छातीवर फुगे लावले. "काका, चालू करा."

किर्र आवाज झाला. काका म्हणाले, "थरथर येतीय नंदा. रेघ नुसती काटेरी झालीय. आक्का, अंग सैल सोड."

घाबरलेल्या माणसाचे स्नायू थरथरतात आणि ती थरथर काळजाच्या रेघेवर चढते. असा कागद वाचता येत नाही. आक्का घाबरल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघत होते. मी त्यांच्या कानाशी वाकले. "कागदाकडं लक्ष देऊ नका. देवाकडं बघा. जप करा, मनातल्या मनात." त्यांनी मान डावीकडं वळवली. तळहाताकडं बघितलं. ओठ हलले, मग तेही थांबले. मला त्यांचा खांदा खाली जाताना दिसला, मग जबडा सुटला, मग हाताची बोटं देवाभोवती अलगद मिटली. पलीकडं गिरणी पुक-पुक करत होती. मशीनचा आवाज तोच होता, पण काका बोलायचे थांबले होते. मी फुगा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत गेले, प्रत्येक वेळी पडद्यावर टिचकी मारत गेले, आणि काका एकेक तुकडा घेत गेले.

मग पडद्याखालून काकांचा हात पट्टी घेऊन आला. "बघ," ते म्हणाले. रेघ स्वच्छ होती. एक काटा नाही, एक थरथर नाही. आणि त्या स्वच्छ रेघेत जे दिसायला नको होतं ते मला सुद्धा दिसत होतं. काकांनी पुस्तकातून मला दाखवलेली काळजाच्या झटक्याची तीच कमान, वर उचललेली. "पित्त न्हाई," काका हळूच म्हणाले. "अण्णांना सांग, जीप काढा."

आक्कांना गोळी दिली, इंजेक्शन दिलं आणि जीपच्या मागच्या बाजूला गादी घालून झोपवलं. डोकं माझ्या मांडीवर. देव परत गळ्यात. लोहा गेलं, विष्णुपुरी आली. तिथं तेव्हा गोदावरीवरच्या धरणाचं काम चालू होतं. आक्का म्हणाल्या, "मला उठवा, धरण बघू द्या." काका पुढून ओरडले, "झोप गप!" तर त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "खिळ्यावाला बोलून राहिला." मला तिथंच कळलं की ही बाई काही मरत नाही.

नांदेडच्या दवाखान्यात गेल्या गेल्या पुन्हा कार्डिओग्राम काढायचा होता. तिथल्या माणसानं मशीन ढकलत आणलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "गळ्यातलं काढा आज्जी." आक्कांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "मशीन तुमची हाय, कबूल. हात आमच्या पोरीचा. नंदीला बोलवा." तो हसला. त्यानं पुन्हा सांगितलं. आक्कांनी पुन्हा तेच सांगितलं, आता सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं. तिथले मोठे डॉक्टर, जाड भिंगांचा चष्मा लावलेले, पलीकडच्या खाटेपाशी होते. ते आले आणि कोण नंदी म्हणून विचारलं. काकांनी बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या मला पुढं ढकललं आणि आमच्या घरी काढलेली पट्टी डॉक्टरांच्या हातात दिली. ती त्यांनी उजेडाकडं धरून बघितली. मग मला म्हणाले, "काढ."

मशीन वेगळं होतं, पण तारांचे रंग तेच होते, लाल उजवीकडं, पिवळी डावीकडं. आणि आक्का तर काय, मी काही म्हणायच्या आतच डबी उघडून देव तळहातावर घेऊन तयार. चोहोबाजूंनी पडदे लावून मी कागद काढला. पडदा सारून बाहेर आले, तेव्हा डॉक्टरांनी कागद बघितला आणि मग आक्कांच्या हाताकडं बघितलं. "आमच्याकडं किती बाया देव काढायचा म्हणून उठून जातात," ते त्या मशीनवाल्याला म्हणाले, "इतके दिवस हे आपल्याला सुचलं नाही. यापुढं असंच करायचं." मशीनवाला चांगला माणूस होता. त्यानं मलाच विचारलं, डबी कुठं ठेवायची म्हणून. "उशाशी," मी म्हणाले, "त्यांना दिसंल अशी."

डॉक्टरांनी मला विचारलं, "शिकायचंय का हे?" मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी सवयीनं आक्कांकडं बघितलं. खाटेवरून आवाज आला, "शिकायचंय म्हंजे? शिकणारच. उदगीरला निरोप धाडा, पोरगी रिकामी न्हाई."

मी व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून रडले, हसले, पुन्हा रडले. तेवढा आनंद मला नंतर माझ्या लग्नातही झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे.

आक्का बऱ्या होऊन घरी आल्या आणि पुढं पुष्कळ वर्षं उंबऱ्यापाशी बसल्या. काकांनी दिलेला त्या पट्टीचा तुकडा त्यांनी काचेच्या चौकटीत घालून बैठकीत लावून घेतला. कोणी आलं की दाखवायच्या, "हे माझं काळीज. नंदीनं काढलं." बायकांचे कार्डिओग्राम असले की मी नांदेडहून सुट्टीत यायची वाट बघायला लावायच्या आणि लाजणाऱ्या बाईला स्वतः बाकावर झोपवायच्या. "लाजायला काय झालं? माझा बी काढला हाय." काकांनी दवाखान्यातला तो खिळा उपटून टाकला होता. तरीही आक्का अधूनमधून येऊन भिंत तपासून जात. उदगीरच्या त्या मुलाचे कार्डिओग्राम पुढं लातुरात मीच काढले. त्याच्या काळजात माझ्यासाठी म्हणून वेगळं काही दिसलं नाही.

शिकून झाल्यावर मी नांदेडला आणि मग लग्नानंतर लातूरला हेच काम केलं. किती पोरींना शिकवलं त्याचा हिशोब ठेवला नाही. त्या कुठं कुठं गेल्या, त्यांनी पुढं आणखी कोणाला शिकवलं, तेही मला ठाऊक नाही.

या उन्हाळ्यात मलाच छातीत जरा भरून आलं. मुलानं लातुरातल्या एका नव्या दवाखान्यात नेलं. गार खोली, भिंतीला लावलेला पडदा, आणि ताटाएवढं चपटं मशीन, ज्याला रीळ नाही की सुई नाही. कार्डिओग्राम काढायला आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची. माझ्या गळ्यातली डबी तिला दिसली. आता ही काढा म्हणणार, म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "आज्जी, देव काढू नका. डाव्या हातावर घ्या, पूजेला घेता तसा. त्याच्याकडंच बघा. डबी तुमच्या उशाशी ठेवते, दिसंल अशी."

मी तिला विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं गं?"

तारा लावता लावता ती म्हणाली, "शिकवायचं काय त्यात? आमच्याकडं असंच करतात."

मी देव तळहातावर घेतला आणि त्याच्याकडं बघत पडून राहिले. मुलीनं मशीनकडं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आज्जी, जरा शांत पडा बरं. तुम्ही हसताय, ते सगळं रेघेवर येऊन राहिलंय."